कार्ट्रिज ऑइल फिल्टरसाठी लो-प्रोफाइल सॉकेट घेताना आधी तोंड बघा, उंची नंतर

कार्ट्रिज फिल्टर म्हणजे नुसता कागदाचा एलिमेंट, त्याला स्वतःचा डबा नसतो. तो इंजिनवरच्या हाउसिंगमध्ये बसतो आणि वर आट्यांची एक कॅप असते, बहुतेक गाड्यांत प्लास्टिकची, काहींत अॅल्युमिनियमची. ऑइल बदलताना प्रत्येक वेळी तीच कॅप उघडायची आणि तीच परत लावायची. म्हणजे डब्यासकट फिरवून काढायचा फिल्टर काढताना चेपला, भोसकला तरी चालायचं, कारण तो फेकायचाच असतो, तो प्रकार इथे नाही, इथे ज्याला पाना लावताय ती वस्तू गाडीवरच राहणार आहे आणि तिच्या डोक्यावरचा षटकोन म्हणजे हेक्स एकदा गोल झाला की पुढच्या वेळेला ती कॅप काढणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून सॉकेट, म्हणजे हेक्सवर वरून बसणारा वाटीसारखा पाना, नीट निवडून घ्या असं मी सगळ्यांना सांगत असतो.

सगळ्यात आधी साइज. हेक्सवाल्या कॅपमध्ये २४, २७, ३२ आणि ३६ मिमी हे चार साइज सारखे भेटतात. उदाहरणं द्यायची तर शेवरले क्रूझच्या १.४ टर्बोला २४, फोर्ड आणि प्यूजोत आलेल्या १.६ डिझेलला २७, फोक्सवॅगनच्या जुन्या १.९ टीडीआयला आणि जीएमच्या २.४ इकोटेकला ३२, बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनाला ३६. तरी नुसत्या गाडीच्या नावावर सॉकेट मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये इंजिन बदललं की कॅप बदलते आणि जुन्या गाडीवर कोणीतरी बाहेरची कॅप बसवलेली असू शकते. बोनेट उघडा, कॅप पुसा, व्हर्नियरने समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलंत तर आकडा मोठा येईल आणि चुकीचं सॉकेट घरी येईल.

आणि इंचातलं सॉकेट "जवळपास तेवढंच आहे" म्हणून वापरू नका. एक पूर्णांक एक सोळांश इंच म्हणजे २६.९९ मिमी, ते २७ च्या जागी चालून जातं, पण सव्वा इंच म्हणजे ३१.७५, ते ३२ च्या हेक्सवर धड बसतच नाही, आणि एक पूर्णांक सात सोळांश म्हणजे ३६.५१, ते ३६ वर अर्धा मिलिमीटर सैल पडतं. लोखंडी नटवर अर्धा मिलिमीटर कदाचित निभावेल, प्लास्टिकवर तेवढ्यात कोपरे जातात.

आता मुद्द्याचं. लोक लो-प्रोफाइल म्हणजे बुटकं सॉकेट घेतात ते जागा कमी असते म्हणून, म्हणजे वर एअर इनटेकचा पाइप नाहीतर वायरिंग असतं आणि साधं उंच सॉकेट आणि रॅचेट (सॉकेट फिरवायचं खटक्याचं हँडल) मिळून तिथे मावत नाही. ते बरोबरच आहे पण माझ्या मते उंची ही दुसऱ्या नंबरची गोष्ट, पहिली गोष्ट म्हणजे सॉकेटचं तोंड. साध्या सॉकेटच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, नटवर पटकन बसावं म्हणून. जाड नटला त्याने काही फरक पडत नाही, पण फिल्टर कॅपचा हेक्स मुळातच बुटका. समजा हेक्सची उंची १० मिमी आहे आणि सॉकेटच्या तोंडाचा उतार ३ मिमी, तर खरी पकड उरली ७ मिमीची, आणि ती पण हेक्सच्या वरच्या भागात, जिथे कडा आधीच गोलसर केलेली असते. जोर लावला की सॉकेट वर सरकतं आणि घसरतं. ऑइल फिल्टरसाठी बनवलेल्या चांगल्या लो-प्रोफाइल सॉकेटचं तोंड सपाट असतं, उतार जवळपास नसतोच, त्यामुळे ते हेक्सच्या बुडापर्यंत जाऊन कॅपच्या खांद्यावर टेकतं आणि अख्खी उंची पकडतं.

हे बघायचं कसं, तर सॉकेट उजेडात तिरकं धरा आणि नखाने तोंडाच्या आतल्या कडेवरून फिरवा. नख सरळ भिंतीला जाऊन अडलं तर ठीक, आधी तिरप्या पट्टीवरून घसरत आत गेलं तर ते सॉकेट ठेवून द्या. ऑनलाइन घेत असाल तर तोंडाकडून काढलेला फोटो शोधा, नुसता वरून काढलेला चकचकीत फोटो काही सांगत नाही.

एक्सल नटसाठी घेतलेलं ३२ किंवा ३६ चं सॉकेट बऱ्याच जणांकडे आधीच असतं आणि मनात येतं की साइज तोच आहे मग खर्च कशाला. ते सॉकेट उंच, जड, जाड भिंतीचं आणि तोंडाला भरपूर उतार असलेलं असतं. कॅपच्या हेक्सभोवती कधीकधी उभ्या पट्ट्या नाहीतर उंच कडा असते, तिथे जाड भिंत खाली जातच नाही, सॉकेट अर्ध्यावर लटकतं आणि वरून बघताना बसल्यासारखं दिसतं. इम्पॅक्ट सॉकेट, म्हणजे मशीनने फिरवायचं जाड सॉकेट, त्याचीही हीच अडचण. हाताने वापरायचं, पातळ भिंतीचं क्रोम व्हॅनेडियमचं सॉकेट इथे बरं.

पॉइंट म्हणजे सॉकेटच्या आतले कोपरे, ते सहाच हवेत. बारा पॉइंटचं सॉकेट लवकर बसतं हे खरं, पण ते कोपऱ्याच्या अगदी जवळ दाब देतं आणि प्लास्टिकचा हेक्स जातो तो कोपऱ्यातूनच. सहा पॉइंटमध्येही जे कोपऱ्याला न चिकटता सपाट बाजूवर जोर देतात ते घ्या, त्यांच्या आतल्या कोपऱ्यात छोटी गोलाई दिलेली दिसते.

ड्राइव्ह, म्हणजे रॅचेट बसतं तो सॉकेटवरचा चौकोन, म्हणाल तर तीन अष्टमांश इंच घ्या. अर्ध्या इंचाच्या रॅचेटचं डोकं जाड, म्हणजे लो-प्रोफाइल घेऊन जी जागा मिळवली ती रॅचेटने खाऊन टाकली. दुसरं कारण जोराचं. बऱ्याच कॅपवर टॉर्क, म्हणजे किती पिळाने आवळायचं ते, छापलेलं असतं, २५ न्यूटन मीटर. २० सेंटीमीटरच्या दांड्यावर त्यासाठी साडेबारा किलोच्या आसपास जोर लागतो, तो हाताला नीट जाणवतो. तेच ४५ सेंटीमीटरच्या दांड्यावर पावणेसहा किलोच्या आतच काम होतं, म्हणजे सहज म्हणून ओढलं तरी दुप्पट टॉर्क जाऊ शकतो आणि कळतही नाही. कॅप तडकायला एवढं पुरतं.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहितो. सॉकेट बुटकं असलं की रॅचेटचा चौकोनी दांडा आरपार जाऊन आत डोकावतो. काही कॅपच्या डोक्यावर मधोमध छोटा उंचवटा असतो, दांडा त्याला टेकला की सॉकेट एक-दोन मिलिमीटर वर उचललं जातं आणि सपाट तोंडाचा सगळा फायदा गेला. तपासायला सोपं आहे, सॉकेट रॅचेटला लावा आणि तोंडाकडून आत बघा, दांडा किती बाहेर आलाय ते दिसेल. मग आधी सॉकेट एकटंच कॅपवर ठेवून ते कुठपर्यंत खाली जातं ते बघा आणि नंतर रॅचेट लावून परत बघा, दोन्ही वेळा तोंड तेवढंच खाली टेकायला हवं. टेकत नसेल तर दुसरं सॉकेट घ्या ज्याचा चौकोन जरा खोल आहे. रॅचेटच्या दांड्यावरची स्प्रिंगची छोटी गोळी सॉकेटच्या चौकोनात नीट अडकते का तेही बघून घ्या, कारण सॉकेट सुटलं तर इंजिनच्या खालच्या कव्हरमध्ये जाऊन बसतं.

काही लो-प्रोफाइल सॉकेटना बाहेरूनही हेक्स दिलेला असतो, त्यावर रिंग पाना लावता येतो. रॅचेटसुद्धा मावत नाही अशा जागी हे फार कामाचं. फक्त ते ढिलं करायला वापरा, शेवटचं घट्ट करताना जमेल तिथे टॉर्क रेंचच, म्हणजे ठरलेला टॉर्क आला की कळवणारा पाना, लावा.

जागा मोजताना आणखी एक ध्यानात ठेवा. कॅप उघडताना ती आट्यांवरून वर येते, तिच्याबरोबर सॉकेट आणि रॅचेटही वर येतात. सुरुवातीला वर बोटभर जागा होती ती दोन-तीन फेऱ्यांत संपते आणि रॅचेट पाइप आणि कॅपच्या मधे अडकून बसतं, ना वर निघतं ना सॉकेटमधून सुटतं. अशा जागी रॅचेटने फक्त पहिला पाव फेरा ढिला करा, मग रॅचेट काढून नुसतं सॉकेट बोटांनी फिरवा, सॉकेटच्या बाहेरच्या अंगाला खरखरीत पट्टा असेल तर ऑइलच्या हातानेही फिरतं. एक्स्टेंशन लावायचं असेल तर सरळ लावा, हलणारं वॉबल एक्स्टेंशन इथे नको, ते सॉकेटला तिरकं करतं आणि बुटक्या हेक्सवर तिरकं सॉकेट म्हणजे एकाच कोपऱ्यावर सगळा भार.

हेक्स नसलेल्या कॅपही असतात. टोयोटाच्या कितीतरी इंजिनांत कॅपच्या घेराला १४ खाचा असतात आणि तिथे ६४-६५ मिमीचा कप पाना, म्हणजे त्या खाचांवर बसणारा मोठ्या वाटीसारखा पाना, लागतो, मधोमध छोटा ड्रेन प्लग असतो आणि त्यात तीन अष्टमांश इंचाचा चौकोन. तिथे लो-प्रोफाइल सॉकेटचा उपयोग नाही. कप पाना घेताना व्यास आणि खाचांची संख्या दोन्ही जुळायला हवं, नुसता व्यास जुळून भागत नाही.

सेट घ्यायचा का सुटं? एकच गाडी असेल तर मी सुटं एक पण चांगलं घ्यायला सांगेन. सात-आठ सॉकेटच्या सेटमध्ये तुमच्या कामाचा साइज एक असतो आणि बाकीचे पेटीत पडून राहतात. घरात दोन-तीन गाड्या असतील किंवा दुसऱ्यांच्याही करून देत असाल तर सेटला अर्थ आहे, त्यातही २४, २७, ३२, ३६ असायलाच हवेत हे बघा.

वापरताना इंजिन कोमट असू द्या, चटका बसेल एवढं गरम नको. कॅपभोवतीची धूळ आधी पुसा नाहीतर ती उघडताच आत पडते. सॉकेट हाताने दाबून पूर्ण खाली बसवा, दुसऱ्या हाताने रॅचेटचं डोकं वरून दाबून धरा आणि मगच ओढा, झटका देऊ नका. कॅप सुटली की लगेच उचलू नका, वरच्या बाजूला हाउसिंग असेल तर मिनिटभर तशीच ठेवा म्हणजे आतलं ऑइल खाली उतरतं. जुनी ओ-रिंग, म्हणजे कॅपच्या खोबणीतली रबरी रिंग, प्लास्टिकच्या टोकाने काढा, स्क्रूड्रायव्हरने खोबणीला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते. नवी रिंग त्याच खोबणीत बसवून तिला नवं ऑइल चोळा, नवा एलिमेंट कॅपमध्ये टक् आवाज येईपर्यंत दाबा, काही डिझाइनमध्ये तो आधी हाउसिंगमध्ये बसवायचा असतो म्हणून काढतानाच बघून ठेवा. कॅप हाताने फिरवत न्या आणि सॉकेट फक्त शेवटी. कॅपवर जो आकडा छापलाय तेवढाच टॉर्क. सील ओ-रिंग करते, जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, उलट पुढच्या वेळी हेक्सवर जास्त जोर द्यावा लागतो.

इंजिन चालू करून मिनिटभर थांबा आणि कॅपच्या बुडाशी टॉर्च मारून बघा, मग बंद करून ऑइल खाली उतरलं की डिपस्टिक तपासा.

आणि हेक्स आधीच गोल झालेला असेल तर लहान साइजचं सॉकेट ठोकून बसवू नका, पाइप पाना तर अजिबातच नको, त्याने कॅप फुटते आणि तुकडे हाउसिंगमध्ये जातात. बऱ्याच हेक्सवाल्या कॅपच्या घेरालाही खाचा असतात, एन५२ च्या कॅपला आहेत, ८६ मिमी आणि १६ खाचा. त्या मापाचा कप पाना बसवून कॅप काढा, जुनी परत लावू नका, नवी मागवा आणि तिच्याबरोबर ओ-रिंग येते का ते ऑर्डर करतानाच विचारून घ्या.