रायबोसोम बिघडवला तरी पी५३ दिसत नाहीये? आधी या चुका टाळा

रायबोसोम म्हणजे सेलमधलं प्रोटीन बनवणारं यंत्र. ते बनण्यात बिघाड केला की पी५३, म्हणजे सेलला डिव्हाइड होण्यापासून रोखणारं प्रोटीन, वाढायला हवा. तो दिसत नाही तेव्हाची सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीय. हेला सेल्समध्ये (सर्व्हायकल कॅन्सरच्या, लॅबमध्ये वाढवतात त्या) ॲक्टिनोमायसिन डी हे रायबोसोम बनणं बिघडवणारं औषध टाकलं, वेस्टर्न (अँटिबॉडीने प्रोटीनचा बँड दाखवणारी टेस्ट) केला, पी५३ चा बँडच नाही, मग अँटिबॉडी बदलली, परत केला, परत काही नाही, असे तीन आठवडे रोज शेवटची बदलापूर पकडून घरी, आणि मग सीनियर ताईने सहज विचारलं, "अरे पण हेला का घेतल्यास?"

झालं असं की रायबोसोम बनण्यात घोळ झाला की आरपीएल५, आरपीएल११ (दोन्ही रायबोसोमचीच प्रोटीन्स) आणि ५एस आरआरएनए (रायबोसोमचाच आरएनए) हे त्रिकूट रायबोसोमच्या मोठ्या सबयुनिटमध्ये बसायचं सोडून मोकळं उरतं आणि जाऊन एमडीएम२ ला धरतं. एमडीएम२ चं काम एरवी पी५३ संपवणं, तोच अडकला की पी५३ साठतो आणि सेल डिव्हाइड व्हायची थांबते. पण हेलात एचपीव्ही १८ या व्हायरसचं ई६ प्रोटीन असतं, तिथे पी५३ ला तेच संपवतं, मग एमडीएम२ अडकला काय नि मोकळा काय! म्हणून यू२ओएस, एमसीएफ७ नाहीतर एचसीटी११६ या सेल लाइन्स घ्या, यांच्यात पी५३ धड आहे.

ॲक्टिनोमायसिनच्या डोसचं पण तेच. ५ नॅनोमोलरच्या आसपास ठेवा, तेवढ्यात मुख्यतः आरएनए पॉलिमरेज १ (रायबोसोमचा आरएनए बनवणारं एन्झाइम) बंद पडतं. जास्त ओतलं तर पॉलिमरेज २ (एमआरएनए बनवणारं) पण झोपतं, मग पी५३ साठूनही पी२१ (पी५३ चालू करतो ते प्रोटीन) येत नाही आणि तुम्ही डोकं धरून बसता.

न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधली रायबोसोम बनायची जागा) मायक्रोस्कोपखाली छान गोल दिसतोय म्हणजे सगळं ठीक, असं तर अजिबात धरू नका. आरपीएस६ (रायबोसोमच्या छोट्या सबयुनिटचं प्रोटीन) कमी केलं तर न्यूक्लिओलस शाबूत राहतो आणि पी५३ तरी वाढतो.

आरपीएल११ च नॉकडाउन करून (म्हणजे सेलमध्ये कमी करून) पी५३ ची वाट बघणारे पण भेटतात. बाबांनो, बोंब मारणाऱ्या वॉचमनलाच सुट्टी दिलीत तर बोंब मारणार कोण?

आणि एमआरएनएवर चालता चालता अडकलेला रायबोसोम, ती भानगड वेगळी, झेडएनएफ५९८ वगैरे प्रोटीन्स तिकडची, ते इथे मिसळू नका.

यीस्टवाल्यांना एकच, तुमच्याकडे पी५३ नसतोच, तिथे न वापरलेल्या रायबोसोमल प्रोटीन्सचे गोळे साठले की एचएसएफ१ (सेलवर ताण आला की जागं होणारं प्रोटीन) कामाला लागतो, तेव्हा यीस्टवर पी५३ चा वेस्टर्न लावू नका. आमच्याकडे एकाने लावलाय.