कायम, कायमचा, स्थिर, शाश्वत: कुठे कोणता शब्द?

न बदलणाऱ्या गोष्टीसाठी मराठीत बरेच शब्द आहेत आणि अर्ज, करार किंवा बातमी लिहिताना नेमके तेच एकमेकांच्या जागी पडतात. लिहिण्याआधी एवढे तपासा.

१. आधीपासून होते तेच पुढे राहिले, तर ‘कायम’: उच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. हा शब्द लिंग-वचनाने बदलत नाही.

२. इथून पुढे नेहमीसाठी, तर ‘कायमचा’. हा मात्र नामाप्रमाणे बदलतो: कायमचा पत्ता, कायमची नोकरी, कायमचे वास्तव्य. नामाला प्रत्यय लागला की ‘कायमच्या’, म्हणजे ‘कायमच्या पत्त्यावर पाठवावे’. अर्जांत इथे चुका होऊ शकतात. घाई असेल तर ‘कायमस्वरूपी’ लिहा, त्याचे रूप बदलत नाही.

३. बदलू शकते पण सध्या बदलत नाही, तर ‘स्थिर’: भाव स्थिर, प्रकृती स्थिर.

४. जमीन, घर यांना ‘स्थावर’ मालमत्ता म्हणा. खरेदीखतात ‘स्थिर मालमत्ता’ लिहू नका. विरुद्ध शब्द ‘जंगम’.

५. ‘शाश्वत’ मूल्यांसाठी चांगला. ‘शाश्वत विकास’, ‘शाश्वत शेती’ यांत मात्र त्याचा अर्थ पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असा. तिथे ‘कायमचा विकास’ केलात तर अर्थच हरवतो.

एक सांभाळा: माणसाबद्दल नुसते ‘ते कायमचे गेले’ लिहिले तर वाचणारा निधन समजतो. ‘ते कायमचे पुण्याला राहायला गेले’ असे पूर्ण लिहा.