बाईकसाठी सिंथेटिक ऑईल घेताना आधी डबा उलटा करून मागचं वाचा

सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं, महाग ऑईल) टाकू का मिनरल (कच्च्या तेलापासून काढलेलं साधं ऑईल), हा प्रश्न सगळे विचारतात, पण आधी बघायची गोष्ट वेगळीच आहे. कारचं इंजिन ऑईल फक्त इंजिनात फिरतं, आपल्या बहुतेक बाईकमधे तेच ऑईल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना लागतं, क्लच प्लेट त्यातच बुडालेल्या असतात. म्हणून डब्यावर जासो (बाईकच्या ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजेच. एमए२ मधे क्लचला पकड जास्त मिळते. एमबी लिहिलं असेल तर ते स्कूटरचं, कारण तिथे क्लच कोरडा असतो, ते गिअरच्या गाडीत नको.

मी एकदा घाईत दुकानदाराने दिलेलं कारचं फुल सिंथेटिक टाकलं, महाग होतं म्हणून चांगलंच असणार असं वाटलं, आणि कात्रजचा घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाहीये. क्लच स्लिप! कारच्या पातळ ऑईलमधे घर्षण कमी करणारी रसायनं असतात ना, त्याचा हा परिणाम. मागच्या गोल शिक्क्यात खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' (म्हणजे इंधन वाचवणारं, असंच कारचं ऑईल) दिसलं तर तो डबा परत ठेवा.

मग ग्रेड, म्हणजे ऑईल किती जाड किंवा पातळ ते. १०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीत ऑईल किती पटकन फिरतं ते सांगतो आणि दुसरा १०० डिग्रीला किती जाड राहतं ते. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५०, असं प्रत्येक गाडीचं ठरलेलं आहे, मॅन्युअलमधे बघा. नागपूरला मे महिन्यात ४५ डिग्री असतं म्हणून मनाने जाड ऑईल टाकू नका, गाडी जड होते आणि मायलेज पडतं.

आता सिंथेटिक. रोज १०-१५ किलोमीटर ऑफिसला जाणारी १०० सीसी गाडी असेल तर माझ्या मते कंपनीचं साधं ऑईल वेळेवर बदलणं पुरे, ते पैसे चांगल्या टायरला ठेवा. पण ट्रॅफिकमधे तासन्‌तास तापणारी, लांब टूरला जाणारी किंवा ड्यूक ३९० सारखी जास्त आरपीएमची गाडी असेल तर फुल सिंथेटिक नक्की घ्या, ते उष्णतेत लवकर पातळ होत नाही, गिअरही मऊ पडतात. मोटुल ७१००, शेल ॲडव्हान्स अल्ट्रा हे दोन्ही एमए२ आहेत, फक्त आपली ग्रेड बघून घ्या. मिनरलवरून सिंथेटिकवर जाताना फ्लशिंग (इंजिन आतून धुऊन काढणं) वगैरे काही लागत नाही, फिल्टर मात्र नवा टाका.

आणि सिंथेटिक आहे म्हणून दुप्पट किलोमीटर ओढू नका, लहान गाडीत लिटरभरच ऑईल असतं आणि गिअर ते कुटत असतात. बदलल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून थोडं थांबा, गाडी सरळ उभी करून लेव्हल बघा, कमी वाटलं तर थोडं थोडंच घाला. जुनं ऑईल गटारात ओतू नका, त्याच डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.