ओपन सोर्सच्या प्रचारगटाने धर्मादाय दर्जा घ्यावा का, हे कसे ठरवावे

ओपन सोर्स, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते अशा सॉफ्टवेअरचा प्रचार करणाऱ्या गटाने धर्मादाय दर्जाचा अर्ज भरायला घेण्याआधी गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष केलेली कामे कागदावर उतरवावीत आणि प्रत्येकापुढे ते शिक्षण आहे, सॉफ्टवेअरनिर्मिती आहे की कायदा बदलून घेण्याची खटपट आहे, याची नोंद करावी. देणगीदारांना मिळणाऱ्या करसवलतीचा विचार त्यानंतर करावा, कारण अर्जाचा निकाल या नोंदीवरच बहुतांशी अवलंबून असतो.

कार्यशाळा आणि मार्गदर्शिका शिक्षणात सहज बसतात. धोरणबदलाच्या कामाचे तसे नाही. अमेरिकेत ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेला कायद्यांवर प्रभाव टाकण्याचे काम मर्यादित प्रमाणातच करता येते आणि निवडणुकीतील उमेदवाराचा प्रचार तर मुळीच करता येत नाही. इंग्लंडमध्ये कायदा बदलणे हेच मुख्य उद्दिष्ट असलेली संस्था धर्मादाय ठरत नाही, आणि जर्मनीत २०१९ मध्ये संघीय वित्तीय न्यायालयाने ‘अटाक’ या चळवळीच्या विरोधात याच मुद्द्यावर निकाल दिला. सरकारी कार्यालयांत खुली मानके, म्हणजे कोणालाही वापरता येतील असे फाइल व माहितीचे ठरलेले नमुने, सक्तीची व्हावीत, यासाठीच ज्या गटाचा जन्म झाला आहे, त्याने या दर्जासाठी आपला आवाज दाबून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटांची अडचण अधिक खोल आहे. ‘शॉटवेल’ हा छायाचित्रांचा प्रोग्राम बनवणाऱ्या अमेरिकेतील योर्बा संस्थेने २००९ मध्ये ५०१(सी)(३) दर्जासाठी अर्ज केला आणि तो २०१४ मध्ये फेटाळला गेला. हे सॉफ्टवेअर कोणीही कोणत्याही कामासाठी वापरू शकतो, त्यामुळे ते केवळ धर्मादाय कार्यासाठी आहे असे म्हणता येत नाही, असे कर खात्याचे म्हणणे होते. ज्या स्वातंत्र्याचा आपण अभिमानाने पुरस्कार करतो, तेच येथे आड आले. म्हणून उद्दिष्टांच्या कलमात ‘ओपन सोर्सचा प्रसार’ एवढेच लिहून थांबू नये. त्यातून कोणाला, कोणते शिक्षण किंवा कोणती सेवा मिळते, हे स्पष्ट मांडावे.

गटाचा बहुतेक निधी काही कंपन्यांकडून येत असेल आणि कामाचा लाभही मुख्यतः त्यांनाच होत असेल, तर व्यापारी संघटनेचे रूप घेणे अधिक प्रामाणिक ठरते. लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीच्या कामाला आधार देणारी लिनक्स फाउंडेशन ५०१(सी)(६) या, म्हणजे अमेरिकेतील व्यापारी संघटनांच्या वर्गात आहे.

दर्जा मिळाल्यावर वार्षिक विवरणपत्रे आणि खुले हिशेब आलेच. शिवाय पुढे संस्था विसर्जित झाली, तर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही.

नव्या, लहान गटाने प्रथम एखाद्या प्रस्थापित धर्मादाय संस्थेच्या छत्राखाली काम करावे, असे माझे मत आहे. १९९७ पासूनची सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट आणि २००६ पासूनची सॉफ्टवेअर फ्रीडम कंझर्व्हन्सी या संस्था ओपन सोर्स प्रकल्पांच्या वतीने देणग्या स्वीकारतात आणि हिशेब सांभाळतात. मात्र अशा करारावर सही करण्यापूर्वी बाहेर पडण्याचे कलम नीट वाचावे, आणि शिल्लक रक्कम, नाव, बोधचिन्ह व संकेतस्थळाचा पत्ता गटाला कोणत्या अटींवर परत मिळेल, हे लेखी घ्यावे.