खनिजांवरून डोंगररांगांचा इतिहास काढताय? या चुका टाळा

रामटेक-तुमसरकडचे दगड प्रोजेक्टसाठी फोडून आणणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहतोय. मेहनत भरपूर, घाई त्याहून जास्त, आणि चुका त्याच त्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "या दगडाचं वय किती?" हा प्रश्न. नाईससारख्या (खोलात तापून-दाबून बदललेल्या, पट्टेदार) दगडाला एकच वय नसतं. पोटॅशियमपासून होणारा आर्गॉन आणि युरेनियम-थोरियमपासून होणारा हेलियम तापलेल्या खनिजातून निसटून जातात. खनिज ठरावीक तापमानाखाली आलं की आत साठू लागतात, आणि किती साठले यावरून तेव्हापासूनचा काळ मोजतात. हॉर्नब्लेंडसाठी ते तापमान साधारण ५०० ते ५५० अंश सेल्सिअस, पांढऱ्या अभ्रकासाठी ४०० च्या आसपास, काळ्या अभ्रकासाठी ३००, ॲपेटाइटमधल्या हेलियमसाठी जेमतेम ७०. झिरकॉनमधलं युरेनियमपासून झालेलं शिसं ९०० अंशांनाही सहसा हलत नाही. म्हणून नंगा पर्वताच्या नाईसमधले झिरकॉन १८० कोटी वर्षांच्या आसपासचे निघतात आणि तिथलाच काळा अभ्रक दहा-वीस लाख वर्षांचा. दोन्ही आकडे खरे. दगड कधी तयार झाला हे पहिला सांगतो. खोलातून वर येताना तो ३०० अंशांखाली कधी आला, हे दुसरा. आपल्या रामटेक-तुमसरकडच्या जुन्या खडकांचा सॉसर पट्टाही एकेकाळी डोंगररांग होता; मनसरच्या मँगनीज खदानीत दिसतं ते तिचं झिजून उघडं पडलेलं मूळ. एकच खनिज मोजून अशा रांगेची कहाणी सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. आणि वरची तापमानं पाठ करून मोकळे होऊ नका. दाणा मोठा असला किंवा दगड झपाट्याने थंड झाला तर ती वर सरकतात. भूशास्त्रज्ञ डॉडसन यांनी १९७३ मध्येच त्याचं सूत्र दिलंय.

दुसरी चूक तव्याची. ॲपेटाइटमध्ये युरेनियम-२३८ चं केंद्रक आपोआप फुटलं की साधारण १६ मायक्रॉन लांबीचा ओरखडा उमटतो. साधारण ६० ते १२० अंशांत लाखो वर्षं राहिला की तो आखूड होत जातो. या लांबीवरूनच दगडाचा शेवटच्या काही किलोमीटरचा प्रवास कळतो. एका पावसाळ्यात एका मुलाने महिनाभर खपून नाईस कुटला, चाळला, धुऊन ॲपेटाइट वेगळं केलं आणि ते ओले दाणे खोलीवर गॅसच्या तव्यावर वाळवले. "सर, लाइन नव्हती, अन् वाळूनच नाही रायलं होतं." तवा किती तापला, किती वेळ, कशाचीच नोंद नाही. ४०० अंशांना तासाभरात ओरखडे पुसले जातात; त्याहून कमी तापवलं तरी आखूड होतात, आणि ते डोंगराने आखूड केले की तव्याने, हे मग कोणालाच सांगता येत नाही. ती पुडी मी प्रयोगशाळेकडे जाऊ दिली नाही. पोरगा रडवेला झाला, पण खोट्या वयाने त्याचं पुढचं सगळं काम नासलं असतं. मी दाणे स्टीलच्या ताटात फिल्टर पेपरवर पसरतो, वरून मलमल टाकतो आणि वाळेपर्यंत हात लावत नाही.

उन्हाळ्यात जंगलातल्या उघड्या खडकाची वरची कपची आणू नका. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, वणवा पसरतो आणि खडकाच्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमधला हेलियम निसटू शकतो. आतला दगड घ्या. मी तर कुठे नवी विहीर खोदताहेत ते गावात विचारतो. ताजा मलबा मिळतो, आणि दगड किती फुटांवर लागला हे शेतकरी बरोबर सांगतो.

हिरवट, तेज गेलेला काळा अभ्रक सरळ टाकून द्या. त्यातलं पोटॅशियम गेलेलं असतं.

दख्खनच्या लाव्ह्याला किंवा डाइकला (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंतीला) चिकटलेला नाईसही नको. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो पुन्हा भाजला गेलाय.

शेवटची चूक हिशेबाची. थंड होणं म्हणजे वर उचललं जाणं नव्हे. वरचं आवरण झिजलं तरच खालचा दगड पृष्ठभागाजवळ येतो. शिवाय खाली जाताना तापमान "दर किलोमीटरला ३० अंश" वाढतं, हे सगळीकडे लावू नका. झपाट्याने झिजणाऱ्या डोंगरात गरम दगड वर येतो, तिथे हा दर बराच जास्त असतो. उदाहरणार्थ, पृष्ठभाग २५ अंशांचा धरला, तर ११० अंशांची खोली २० च्या दराने सव्वाचार किलोमीटर येते, ५० च्या दराने पावणेदोनसुद्धा नाही. दोन्ही उत्तरं अहवालात लिहा.