आईवडिलांना पहिल्यांदा क्रूझवर नेताना

या सहलीची खरी तयारी केबिन निवडताना होते. जहाज मध्यभागी आणि खालच्या डेकवर सर्वांत कमी डुलतं. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त. म्हणून मधली, लिफ्टजवळची केबिन मागा, बाल्कनी नसली तरी चालेल. बाथरूमचंही तेव्हाच विचारून घ्या. पाणी बाहेर येऊ नये म्हणून बऱ्याच केबिनमध्ये त्याला उंच उंबरठा असतो आणि रात्री अर्धवट झोपेत उठल्यावर पाय नेमका तिथं अडतो. गुडघे दुखत असतील तर बिनउंबरठ्याची, आधाराच्या दांड्या असलेली केबिन घ्या. अशा केबिन मोजक्याच असतात, लवकर जातात. व्हीलचेअरही बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

पावसाळा टाळा, समुद्र खवळलेला असतो. पहिल्या खेपेला लक्षद्वीपपेक्षा मुंबई–गोवा बरं: लक्षद्वीपला मोठं जहाज खोल पाण्यात थांबतं आणि हलत्या छोट्या बोटीत पाय टाकून किनाऱ्यावर जावं लागतं.

महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. मळमळीवर सर्रास घेतली जाणारी प्रोमेथाझिनची गोळी उतारवयात त्रास देऊ शकते: गुंगी येते, गोंधळल्यासारखं होतं, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते. काचबिंदू असेल तर तोही आवर्जून सांगा. इन्सुलिन चालू असेल तर उलट्या झाल्यास डोस किती घ्यायचा, हे कागदावर लिहून आणा. पोटात अन्न टिकलं नाही तर साखर धोकादायक उतरते.

जहाजावरचे बोळ लांबलचक असतात, म्हणून निघण्याआधी तीन आठवडे आपल्या कोल्हापूरच्या रंकाळ्यावर रोज अर्धा तास चालायला न्या. चपलांकडेही बघा. कोल्हापुरीचा कातडी तळ ओल्या डेकवर सरकतो. रबरी तळाची, टाचेला पट्टा असलेली सँडल हवी.

कोल्हापूरहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला पोहोचते आणि जहाज जिथून सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून जवळ आहे. तरी आदल्या दिवशीच मुंबई गाठा. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि रात्रभराच्या प्रवासानंतर चेक-इनच्या रांगेत म्हाताऱ्या माणसाचे पाय भरून येतात. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा नको, साधा वरणभात द्या.

मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळायला हवं. मोठी बॅग बंदरावर जमा होते आणि केबिनमध्ये काही तासांनी येते. तेवढ्यात दुपारच्या गोळीची वेळ टळते. म्हणून औषधं, चष्मा, बीपीचं मशीन आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. औषधं सफरीपेक्षा तीन दिवसांची जास्त घ्या.

जहाजावर सगळी दारं सारखीच दिसतात, तेव्हा केबिन नंबरची चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवा. किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे भेटण्याची जागा आणि वेळ आधी ठरवा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल मोठं येतं. मळमळलं तर त्यांना मोकळ्या डेकवर मधोमध बसवून क्षितिजाकडे बघायला सांगा. आणीबाणीच्या कवायतीला त्यांना सोबत न्या. संकटात लिफ्ट वापरत नाहीत. जिने चढवत नसतील तर तिथल्या कर्मचाऱ्याला त्याच वेळी सांगून ठेवा.