जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, रोज चालवणार असाल तर इन्शुरन्सआधी एवढं उरकून घ्या

सगळ्यात आधी आरसी बुक घ्या आणि गाडीपाशी जाऊन बॉनेट उघडून वाचा, घरात सोफ्यावर बसून नको. चासी नंबर आणि इंजिन नंबर आकड्याला आकडा जुळला पाहिजे. जुन्या गाडीत हे नंबर ग्रीस, गंज आणि दोन-तीनदा मारलेल्या रंगाखाली दबलेले असतात, तिथे रॉकेलचा बोळा फिरवा, वायर ब्रशने खसाखसा घासू नका, आकडा पुसट झाला तर ते वेगळंच लफडं होऊन बसतं. स्वच्छ झालं की पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, नंबर उमटतो, तो कागद फाईलला लावा कारण पुढे गाडी तपासणारा सर्व्हेअर पण हीच ट्रेसिंग मागणार. मधल्या कुठल्या मालकाने इंजिन बदललं असेल, डिझेल बसवलं असेल किंवा गॅस किट टाकलं असेल आणि ते आरसीवर चढलेलंच नसेल (आणि असं फार वेळा असतं) तर आधी आरटीओ, मग इन्शुरन्स. उलटं केलंत तर हप्ता आनंदाने घेतील, क्लेमच्या वेळी मात्र नंबर बघतील.

आरसीची तारीख पण बघा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिली 15 वर्षं, त्यानंतर दर 5 वर्षांनी रिन्यू, त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या चारचाकीची रिन्यूअल फी केंद्राने 10,000 केलीय, त्यामुळे खिसा तयार ठेवा. पीयूसी तर लागतंच. नंबर प्लेट जुन्या एमएम-एमएफ वगैरे सिरीजची असेल तर गाडी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसते का ते मोबाईलवर तपासा, बऱ्याच गाड्यांची नोंद अजून जाड रजिस्टरातच आहे, मग आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्या, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्या, नाहीतर ऑनलाइन पॉलिसी काढायला गेलात की गाडीच सापडत नाही.

आता एक मोह होणार, व्हीए नंबरचा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर होते, 20,000 फी, 10 वर्षं मुदत, नंबरात व्हीए अशी अक्षरं, आणि 1974 ची पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून बसलीय म्हणजे ती यात बसते. थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं कव्हर) हप्त्यात निम्मी सूट पण मिळते. पण रोजच्या वापराला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही! रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस. तुम्हाला तिने ऑफिसला जायचंय, भाजी आणायचीय, तर साधंच रजिस्ट्रेशन राहू द्या आणि एजंट कितीही म्हणाला तरी तिकडे वळू नका.

पॉलिसीचं म्हणाल तर थर्ड पार्टी कायद्यानेच सक्तीची, नसेल तर पहिल्यांदा 2,000 दंड, परत सापडलात तर 4,000, शिवाय तुरुंगाची पण तरतूद आहे. दर सीसीवर ठरतो, पद्मिनी 1089 सीसी म्हणून 1000 ते 1500 च्या गटात, जून 2022 च्या दराने 3,416 अधिक जीएसटी, इसुझूच्या 1800 इंजिनवाली अ‍ॅम्बॅसेडर किंवा कॉन्टेसा असेल तर वरच्या गटात जाऊन 7,897. रिन्यू करताना चालू दर बघून घ्या. यात घासाघीस नाही, सगळीकडे तेच.

खरं डोकं लावायचं ते स्वतःच्या नुकसानीच्या कव्हरला, म्हणजे आयडीव्हीला, पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीला. 5 वर्षांपर्यंतच घसाऱ्याचं (वयानुसार किंमत कमी धरायचं) टेबल आहे, त्यापुढच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची किंमत मालक आणि कंपनी आपसात ठरवतात, आणि इथेच लोक गप्प बसतात, समोरचा 40 हजार लिहितो, हप्ता कमी आला म्हणून आपण खूश. आता बघा काय होतं ते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरू शकते, म्हणजे 40 हजारांच्या गाडीला 30 हजारांपुढचा खर्च पुरे, एक फेंडर, ग्रिल, हेडलाइट आणि रंगकाम एवढ्यात आपण तिथपर्यंत पोचतो, आणि धडधाकट गाडी कागदावर भंगार होते. म्हणून जायच्या आधी लायसन्सवाल्या सर्व्हेअरकडून व्हॅल्युएशन रिपोर्ट करून घ्या, चारी बाजूंचे, डॅशबोर्डचे, डिकीचे, खालच्या पत्र्याचे दिवसाच्या उजेडातले फोटो काढा, इंजिन कामाची, पत्राकामाची, अपहोल्स्ट्रीची बिलं लावा. गॅरेजवाला कच्च्या चिठ्ठीवर हिशोब देतो, त्याच्या मागे लागून पक्कं बिल घ्याच. ऑनलाइन हे जमत नाही, सरकारी कंपनीच्या शाखेत फाईल घेऊन बसा, दोन चकरा होतील. आणि काही जण सांगतात की अ‍ॅग्रीड व्हॅल्यू पॉलिसी माग (गाडीची किंमत आधीच पक्की ठरवलेली पॉलिसी), तर जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे इन्शुरन्सच्या जुन्या दर-नियमांत, व्हिंटेजची व्याख्या वेगळी आहे, ती सोय 1940 च्या आधीच्या प्रमाणित व्हिंटेज गाड्यांना, आपल्या फियाटला ती लावायला जाऊ नका.

घसाऱ्याची मानसिक तयारी पण ठेवा. 10 वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या पार्टवर 50 टक्के कापतात, रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यावर पण 50, काच मात्र पूर्ण मिळते, मजुरी पण. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, या वयाच्या गाडीला देत नाहीत, विचारून बघायला हरकत नाही पण आशा नको. त्यामुळे थोडे पैसे बाजूला असू द्या आणि पुण्यातल्या नाना पेठेतल्या किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका-दोन स्पेअरवाल्यांचे नंबर फोनमध्ये ठेवा, कारण कंपनीने पास केलेला पार्ट बाजारात मिळाला तर पाहिजे ना.

बारीकसारीक पण लक्षात असू द्या. ऑटोमोबाईल असोसिएशनची मेंबरशिप असेल तर थोडी सूट असते, फार नाही, 200 च्या आतच. 15 लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर दुसऱ्या गाडीवर आधीच असेल तर पुन्हा पैसे भरू नका. गाडी नुकतीच घेतली असेल तर 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. पॉलिसी संपू देऊ नका, संपली की इन्स्पेक्शन आलं आणि 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) पण गेला.

आणि पॉलिसी जूनच्या, म्हणजे पावसाळ्याच्या आधीच हातात हवी. पण ती असली तरी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून चालू करायला जाऊ नका, पाणी आत ओढून इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत, गाडी ढकलून बाजूला घ्या, फोटो काढा, कंपनीला फोन लावा आणि टोइंग येईपर्यंत चावी खिशात ठेवा.